‘महत्त्व अनिश्चित’ हा शेरा कुठून येतो

जनुकीय तपासणीच्या रिपोर्टमधली सगळ्यांत अवघड ओळ म्हणजे ‘महत्त्व अनिश्चित असलेला बदल’. बदल कुठल्या जनुकात आहे ते कळलेलं असतं, डीएनएच्या कितव्या अक्षरावर आहे तेही कळलेलं असतं, पण त्याने आजार होतो की नाही हे सांगता येत नाही. रुग्ण विचारतो, मग एवढा खर्च कशासाठी केला? डॉक्टरांकडेही त्या वेळी उत्तर नसतं. भारतीय रुग्णांच्या वाट्याला ही ओळ युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त वेळा येते. आपलं रक्त मानवी डीएनएच्या ज्या नकाशाशी आणि ज्या नोंदींशी ताडून पाहिलं जातं, त्यांत आपली माणसं फार थोडी आहेत, हे त्याचं मोठं कारण. नकाशा काढताना कोणाचं रक्त घेतलं, काय सांगून घेतलं आणि कोण बाहेर राहिलं, या प्रश्नांची उत्तरं आज रुग्णाच्या हातातल्या कागदावर उमटतात.

माणसाचा जनुकसंच, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचण्यासाठी मानवी जनुकसंच प्रकल्प ऑक्टोबर 1990 मध्ये सुरू झाला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान आणि चीन या सहा देशांतल्या 20 केंद्रांनी काम वाटून घेतलं. भारत त्यात नव्हता. जून 2000 मध्ये कच्चा मसुदा जाहीर झाला आणि एप्रिल 2003 मध्ये काम पूर्ण झाल्याची घोषणा झाली. तेव्हाही सुमारे 8 टक्के भाग वाचायचा राहिलाच होता, तो 2022 मध्ये भरून निघाला. या प्रकल्पाच्या एका निर्णयाबद्दल आपण कायम कृतज्ञ राहायला हवं. 1996 मध्ये बर्म्युडात शास्त्रज्ञांनी ठरवलं, की वाचलेला डीएनएच्या अक्षरांचा अनुक्रम 24 तासांच्या आत सगळ्या जगासाठी खुला करायचा. त्यामुळे पुण्यातली किंवा हैदराबादमधली प्रयोगशाळा आज कुणालाही पैसे न देता त्या नकाशाशी नमुना ताडून पाहू शकते.

रक्तदात्यांची बाजू मात्र इतकी स्वच्छ नाही. मार्च 1997 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या वर्तमानपत्रात स्वयंसेवकांसाठी जाहिरात आली. नावं पुसून नमुन्यांना क्रमांक दिले गेले. संमतीपत्रात म्हटलं होतं, की अंतिम अनुक्रमात एका व्यक्तीचा वाटा 10 टक्क्यांहून जास्त नसेल अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात आरपी11 हा क्रमांक मिळालेल्या एकाच पुरुषाच्या डीएनएपासून नकाशाचा सुमारे 70 टक्के भाग तयार झाला. हा माणूस कोण, हे जाहीर झालेलं नाही. त्याच्या पूर्वजांत आफ्रिकी आणि युरोपीय असे दोन्ही वंश असल्याचं मात्र त्याच्या डीएनएवरूनच कळलं. नाव पुसलं तरी डीएनए बोलतच राहतो, हे पहिल्याच नकाशाने दाखवून दिलं.

हा नकाशा, म्हणजे संदर्भ जनुकसंच, हा निरोगी माणसाचा जनुकसंच आहे, असा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. तो चुकीचा आहे. नकाशाच्या जीआरसीएच37 या आवृत्तीत पाचव्या रक्तगोठण घटकाच्या जनुकाची ‘लायडन’ प्रत संदर्भ म्हणून बसलेली होती. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. लायडन प्रतीमुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. संगणकाचा प्रोग्रॅम फक्त संदर्भाहून वेगळं काय आहे तेवढंच नोंदवतो. म्हणजे निरोगी प्रत असलेल्या माणसाच्या यादीत ‘बदल’ दिसायचा आणि ज्याच्या दोन्ही प्रती धोक्याच्या, त्याच्या यादीत काहीच यायचं नाही. डिसेंबर 2013 मध्ये आलेल्या जीआरसीएच38 आवृत्तीत ही जागा दुरुस्त झाली, पण कित्येक प्रयोगशाळा पुढे बरीच वर्षं जुनीच आवृत्ती वापरत राहिल्या. रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरांत आवृत्ती लिहिलेली असते. एचजी19 म्हणजे 37, एचजी38 म्हणजे 38. दोन रिपोर्टांतल्या बदलांचे स्थानांक जुळत नसतील, तर आधी हे तपासा. वेगवेगळ्या आवृत्तींत एकाच अक्षराचा स्थानांक वेगळा असतो.

आता त्या शेऱ्याकडे येऊ. एका माणसाच्या संपूर्ण जनुकसंचात संदर्भाहून वेगळी अशी 40 ते 50 लाख ठिकाणं निघतात. त्यातली जवळजवळ सगळी निरुपद्रवी असतात. आजाराशी संबंध असू शकेल असा बदल 2015 च्या अमेरिकी निकषांनुसार पाच गटांपैकी एकात टाकला जातो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. वर्गवारीत मोठं वजन असतं ते बदल लोकसंख्येत किती आढळतो याला. एखादा बदल कुठल्याही मोठ्या लोकगटात 5 टक्क्यांहून जास्त आढळला, तर सहसा तेवढ्यावर तो निरुपद्रवी ठरतो. नोंदींत तो कुठेच नसेल, तर संशयाच्या पारड्यात थोडं वजन पडतं. इथेच आपली गाडी अडते. या कामासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नोमॅड या संग्रहाच्या चौथ्या आवृत्तीत आठ लाखांहून जास्त माणसांची माहिती आहे, आणि त्यात दक्षिण आशियाई जेमतेम 45 हजारांच्या आसपास. जगातला दर चौथा माणूस दक्षिण आशियात राहतो. तिथल्या एखाद्या लहान जातीत शेकडो वर्षं निरुपद्रवीपणे चालत आलेला बदल या संग्रहात दिसला नाही, की तो ‘दुर्मीळ’ ठरतो आणि रिपोर्टवर अनिश्चित म्हणून येतो.

याची किंमत रुग्णच मोजतात. हृदयाचा स्नायू जाड होणारा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा आजार घ्या. 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की या आजारासाठी रोगकारक म्हणून नोंदलेले काही बदल काळ्या अमेरिकी लोकांत सर्रास आढळतात आणि ते निरुपद्रवी आहेत. ते रोगकारक ठरले, कारण मूळ अभ्यासांच्या तुलनागटांत काळी माणसं नव्हती किंवा अगदी मोजकी होती. तुलनागटात थोडी जरी काळी माणसं घेतली असती, तरी ही चूक टळली असती, असं त्याच अभ्यासाने दाखवलं. चुकीचा शिक्का एका माणसावर बसत नाही. त्याच्या भावंडांना, मुलांना ‘तुम्हालाही आहे’ किंवा ‘तुम्हाला नाही’ असं सांगितलं जातं, आणि त्यावर त्यांची वर्षानुवर्षांची तपासणी ठरते.

याच आजाराशी जोडलेलं आपल्याकडचं उदाहरण उलट्या दिशेचं आहे. एमवायबीपीसी3 या जनुकातली 25 अक्षरं गळालेली असणं हा बदल दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत आढळतो, असं 2009 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी इतरांसह दाखवलं. इतर खंडांत तो जवळजवळ नाहीच. हृदय कमकुवत होण्याशी त्याचा संबंध तेव्हा मोठा वाटला होता. पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की धोक्याचा बराचसा भाग त्याच प्रतीवर सोबत असलेल्या दुसऱ्या दुर्मीळ बदलांमुळे येतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसती 25 अक्षरांची गळती दिसली, तर घाबरून घरातल्या सगळ्यांना आजारी ठरवू नका आणि दुर्लक्षही करू नका. सोबतचे बदल पाहिले आहेत का, हे प्रयोगशाळेला विचारा. आणि हृदयाची इको तपासणी करून घ्या, कारण हृदयाच्या स्नायूची जाडी इकोमध्ये मोजता येते.

आपल्या समाजरचनेमुळे हा प्रश्न आणखी खोल जातो. भारत आणि शेजारी देशांतल्या अडीचशेहून जास्त समाजगटांचा अभ्यास 2017 मध्ये नेचर जेनेटिक्स या नियतकालिकात आला. त्यातले 81 गट असे निघाले, की त्यांची सुरुवात फिन्निश किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही कमी पूर्वजांपासून झाल्यासारखी दिसते. त्यांतले 14 गट दहा लाखांहून मोठे आहेत. लग्नं जातीतच होत राहिली, त्यामुळे मूठभर पूर्वजांकडचे सुप्त बदल, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार करणारे बदल, पिढ्यान्‌पिढ्या त्याच वर्तुळात फिरत राहिले. सगोत्र टाळलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. गोत्र फक्त वडिलांच्या बाजूने चालतं. आईच्या, आजीच्या, पणजीच्या बाजूने आलेले बदल गोत्र पाहून कळत नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर जनुकीय समुपदेशकाला ते मोकळेपणाने सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ती माहिती असली की अहवालाचा अर्थ नीट लावता येतो.

समाजगटाची माहिती असण्याचा फायदा किती थेट असतो, हे आर्य वैश्य समाजाच्या उदाहरणावरून दिसतं. आंध्र-तेलंगणात मोठा असलेला हा समाज मराठवाड्यातही आहे. या समाजात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता करणारा बदल इतरांपेक्षा जास्त आढळतो. रोजच्या आयुष्यात त्याचा काहीही त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेपूर्वी सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिलं, तर जे काही मिनिटांत उतरायला हवं ते काही तास उतरत नाही आणि तेवढा वेळ रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. कुटुंबात कुणाला भुलीनंतर श्वास परत यायला उशीर झाला असेल, तर भूलतज्ज्ञाला आधी सांगणं एवढंच पुरतं. दुसरं औषध उपलब्ध असतं.

नकाशातली पोकळी भरायला जीनोमइंडिया प्रकल्पाने सुरुवात केली आहे. 20 संस्था, 83 समाजगट, सुमारे 10 हजार माणसांचे संपूर्ण जनुकसंच. 9 जानेवारी 2025 रोजी ही माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रातून संशोधकांसाठी ठरावीक नियमांनी उपलब्ध झाली. काम मोलाचं आहे. पण देशात साडेचार हजारांहून जास्त समाजगट मानले जातात, म्हणजे पुढची वाट लांब आहे. आणि ज्या गटांकडे आता सुया वळतील, त्यांच्याशी कसं वागायचं हे आधी ठरलेलं असायला हवं.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई जमातीचा अनुभव यासाठी माहीत असावा. 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतलं, निदान लोकांना तरी तसंच वाटलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधांतली लग्नं आणि जमातीचं मूळ स्थलांतर यांच्या अभ्यासाला वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो, अशी श्रद्धा असलेल्या माणसांना आपले पूर्वज आशियातून आले, हे परक्यांच्या निबंधातून समजलं. 2010 मध्ये तडजोड झाली, 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर दिले गेले आणि रक्ताचे नमुने परत मिळाले. अशा ठिकाणी एकेका माणसाची सही पुरेशी नसते, असं माझं ठाम मत आहे. समाजाबद्दल निष्कर्ष काढायचे असतील तर समाजाशी बोलावं लागतं, त्याच्या बोलीत, आणि निष्कर्ष छापण्याआधी त्यालाही दाखवावे लागतात.

आपल्याकडे याची खरी परीक्षा सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारात चालू आहे. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर, अमरावतीच्या मेळघाटापर्यंत हा आजार आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं गेलं. पहिली पायरी विद्राव्यता चाचणी. ती स्वस्त आणि जलद आहे, पण वाहक (दोनपैकी एकाच प्रतीत बदल असलेला) आणि रुग्ण (दोन्ही प्रतींत बदल असलेला) यांत फरक करत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी करावीच लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात विद्राव्यता चाचणी चुकीने ‘नाही’ सांगते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीतही दात्याचं हिमोग्लोबिन मिसळतं. अशा वेळी साधारण तीन महिने थांबावं. नंतर निकालाचं कार्ड मिळतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, हे त्या कार्डावरून समजावून सांगायचं असतं. समजावणं राहिलं आणि नुसतं कार्ड वाटलं, तर वाहक मुलीला ‘आजारी’ म्हणून नाकारलं जातं. वाहक आजारी नसतो. ज्याच्यात सिकलसेल, थॅलेसिमिया किंवा हिमोग्लोबिनचा इतर दोष नाही अशा मुलाशी वाहक मुलीने लग्न केलं, तर कुठल्याही बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. हे वाक्य कार्ड हातात देणाऱ्या प्रत्येकाने मुलीच्या आईवडिलांसमोर आणि मुलाच्या आईवडिलांसमोर सारख्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. आणि ‘आदिवासींचा आजार’ हा शब्दप्रयोग थांबायला हवा. विदर्भात आदिवासींबाहेरच्या अनेक समाजांतही सिकलसेल आहे, आणि या शिक्क्यामुळे त्यांच्या मुलांचं निदान उशिरा होतं.

तपासणी करायचीच असेल तर काही गोष्टी आधी पक्क्या करा. घरात जो प्रत्यक्ष आजारी आहे त्याची तपासणी पहिल्यांदा व्हावी. निरोगी भावाची आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याला बदल मिळालाच नाही की प्रयोगशाळेला सापडला नाही, हे कळायला मार्ग नसतो. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत, सहसा 2 ते 4 मिली. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिनमुळे डीएनएच्या प्रती वाढवणारी पुढची पीसीआर प्रक्रिया अडते. लाळ द्यायची असेल तर आधी अर्धा तास चहा, खाणं, तंबाखू बंद. अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए येतो, म्हणून अशा वेळी त्वचेचा नमुना द्यावा लागतो.

कुठली तपासणी, हाही प्रश्न महत्त्वाचा. एक्झोम तपासणी जनुकसंचाचा फक्त 1 ते 2 टक्के भाग वाचते आणि तोही साधारण 150 अक्षरांच्या तुकड्यांत. हंटिंग्टनसारख्या आजारात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, ती मोजणं तिला नीट जमत नाही. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीचं एसएमएन1 आणि त्याचं जुळं एसएमएन2 यांत ती गोंधळते. अल्फा थॅलेसिमियातले मोठे गळालेले भाग अनेकदा तिच्या नजरेतून सुटतात. या आजारांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. एक्झोम ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे हे आजार नाहीत, असा अर्थ कुणी सांगत असेल तर तो स्वीकारू नका. रिपोर्टमध्ये ठरवलेल्या भागाचे किती टक्के किमान 20 वेळा वाचले, हा आकडा असतो. तो 95 च्या बराच खाली असेल, तर तुमच्या आजाराशी संबंधित जनुक पूर्ण वाचलं गेलं का, हे लेखी विचारा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते घरी न्या, रात्री शांतपणे वाचा. उरलेल्या नमुन्याचं काय होणार? माहिती कंपनीच्या संशोधनात किंवा परदेशी संग्रहात जाणार का? शोधत नसलेलं काही सापडलं तर सांगायचं का? मुख्यतः कर्करोग आणि हृदयविकारांशी जोडलेल्या 80 हून जास्त जनुकांची यादी त्यासाठी असते आणि हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. आई, वडील आणि मूल यांची एकत्र तपासणी होत असेल, तर नात्याबद्दल अनपेक्षित गोष्ट उघड होऊ शकते. ती सांगितली जाणार की नाही, हे आधी विचारा. प्रौढ वयात होणाऱ्या आणि आज उपाय नसलेल्या आजारासाठी 18 वर्षांखालच्या मुलाची तपासणी करू नये. तो निर्णय त्या मुलाने मोठं झाल्यावर घ्यायचा आहे. संमती मागे घेता येते, पण त्याआधी वाटली गेलेली माहिती परत गोळा करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कायद्याचं कवच आपल्याकडे अर्धवट आहे. अमेरिकेत 2008 पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे, तरी आयुर्विमा त्यातून वगळलेला आहे. भारतात असा स्वतंत्र कायदाच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये आरोग्य विम्यातून ‘जनुकीय आजार’ सरसकट वगळणं भेदभाव ठरवलं. प्रकरण होतं तेही हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचंच. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला वेगळा, जास्त संरक्षण असलेला दर्जा नाही, जरी आधीच्या मसुद्यांत तो होता. तो परत यायला हवा. विम्याच्या प्रस्तावपत्रात विचारलेली कौटुंबिक माहिती लपवू नका, कारण नेमक्या त्याच कारणाने नंतर दावा नाकारला जातो. गर्भलिंगनिदानाबद्दल मात्र आपला कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिल्यांदा तो केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. गर्भाच्या जनुकीय तपासणीत लिंग सांगितलं जात नाही, आणि ही तपासणी फक्त नोंदणीकृत केंद्रातच करता येते.

रिपोर्टवर अनिश्चित शेरा आला, तर त्यावर गर्भपात, स्तन काढून टाकणं किंवा हृदयात यंत्र बसवणं असा निर्णय घेऊ नये. घरातल्या इतरांची त्याच एका जागेची तपासणी करता येते आणि ती पूर्ण तपासणीपेक्षा बरीच स्वस्त असते. त्याच आजाराने आजारी असलेल्या काकांकडे तो बदल नसेल, तर बदलावरचा संशय खूप कमी होतो. आजारी असलेल्या सगळ्यांकडे असेल आणि निरोगी वयस्कांकडे नसेल, तर वाढतो. दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुनर्विश्लेषण मागा. नवा नमुना लागत नाही, जुनीच माहिती नव्या नोंदींशी ताडून पाहिली जाते, आणि भारतीय नोंदी वाढतील तसे शेरे बदलतील. त्यासाठी मूळ माहितीची फाईल स्वतःकडे घेऊन ठेवा.

बदल रोगकारक ठरला, तर नातेवाइकांना फोनवर सांगण्यापेक्षा एक पानाचं पत्र समुपदेशकाकडून करून घ्या. त्यात जनुकाचं नाव, बदलाचं पूर्ण शास्त्रीय नाव, संदर्भाची आवृत्ती, वर्गवारी, तारीख आणि प्रयोगशाळेचा संपर्क असावा. आत्या, मामा, मावशी यांची मुलं दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असली, तरी तिथला डॉक्टर तेवढ्यावर नेमकी तीच जागा तपासू शकतो. पत्रात इतर कुणाच्या आजाराचा उल्लेख नको. पाठवण्याआधी ज्याचा रिपोर्ट आहे त्याची परवानगी घ्या, आणि तो पत्र द्यायला तयार नसेल तर त्याचं म्हणणं समुपदेशकासमोर नीट ऐकून घ्या.